एक माईक, एक ट्रॅक आणि सी. रामचंद्र

सी. रामचंद्र हे नाव ज्यांनी कधी ऐकलेलं नाही, त्यांनाही त्यांची निदान तीन गाणी पाठ असतात. गॅदरिंगला दरवर्षी कुणीतरी 'इना मीना डिका' म्हणतंच. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर 'ऐ मेरे वतन के लोगो' लागतं आणि मेसच्या रांगेतला गोंगाट जरा कमी होतो. आणि घरी आजी-आजोबा असतील, तर अनारकलीतलं 'ये जिंदगी उसी की है' कधी ना कधी कानावर पडलेलं असतं. आता ही तिन्ही गाणी ओळीने ऐका. तीन वेगवेगळ्या संगीतकारांची वाटतील. एकात सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट धुमाकूळ घालतायत, एकात बहुतेक वेळ फक्त आवाजच लक्षात राहतो, आणि एकात वाद्यं इतकी अदबीने वागतात की जणू दरबारात उभी आहेत. पण माणूस एकच, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेला रामचंद्र नरहर चितळकर.

त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी चालींबद्दल भरपूर लिहिलंय. माझ्यासारख्या ईअँडटीसीवाल्याला मात्र दुसरीच गोष्ट खुणावते. गाणं रेकॉर्ड करायला बसल्यावर कोणतं वाद्य घ्यायचं आणि कोणतं दारातूनच परत पाठवायचं, हे या माणसाला फार अचूक कळत होतं. म्हणून हे चरित्र मी त्या बाजूने सांगणार आहे. सगळे सिनेमे येणार नाहीत. ज्यांना यादी हवी त्यांनी ती शोधून घ्यावी, हिंदी सिनेमेच शंभरच्या आसपास आहेत.

जन्म १२ जानेवारी १९१८. पुणतांबा म्हणजे गोदावरीकाठचं, चांगदेवांच्या समाधीचं गाव. दौंड-मनमाड लाईनवरून जाणाऱ्यांनी स्टेशन तरी पाहिलं असेल. शिक्षणात मन नव्हतं, गाण्यात होतं. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात शास्त्रीय गाणं शिकले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कारण ज्या माणसावर 'पाश्चात्त्य' म्हणून शिक्का बसला, त्याचा पाया ग्वाल्हेर घराण्याच्या शिस्तीचा होता.

पण मुंबईत ते संगीतकार व्हायला आलेच नव्हते. हिरो व्हायला आले होते! १९३५ साली वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' सिनेमात ते चक्क नायक होते. सिनेमा चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बारीकसारीक कामं, आणि शेवटी तिथल्याच संगीत विभागात हार्मोनियमवादक. नायकाची पेटीवाल्याच्या जागेवर बदली म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सरळ ईअर डाऊन. मला मात्र वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कामाचं शिक्षण इथेच झालं. पेटीवाला रेकॉर्डिंगच्या ऐन मध्यात बसतो. कोणतं वाद्य माईकला कसं ऐकू येतं, कोणता वादक कितव्या टेकला थकतो, सारंगीवाला जवळ सरकला की गायकाचं काय होतं, हे सगळं त्याला फुकटात दिसतं. संगीतकाराला मागून कळणाऱ्या गोष्टी पेटीवाल्याला आधी कळतात.

आता जरा त्या काळच्या रेकॉर्डिंगबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

आज आपण लॅपटॉपवर हवे तेवढे ट्रॅक घेतो. ढोलकी आज, गिटार उद्या, गायक परीक्षा संपल्यावर. चुकलं तर तेवढाच तुकडा परत. १९४० च्या दशकात यातलं काहीही नव्हतं. गायक, वादक, सगळे एका खोलीत, एकाच वेळी. माईक एक, फार तर दोन-तीन. आवाज सरळ फिल्मच्या कडेच्या ध्वनिपट्टीवर प्रकाशाच्या रूपात छापला जायचा. ट्रॅक एकच, मोनो. एकदा छापलं की ट्रम्पेट कमी करा, बासरी वाढवा, असली सोय नाही. शेवटच्या ओळीत तबलजी चुकला तर पहिल्यापासून सगळं पुन्हा.

मग बॅलन्स कसा करायचा? तर पायांनी! वादकाला पुढे-मागे सरकवून. अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, हे आपण पेपरात लिहितो. त्या लोकांनी ते खुर्च्या सरकवून सिद्ध केलेलं होतं. गायक माईकच्या तोंडाशी, बासरी थोडी मागे, व्हायोलिनं त्यामागे, आणि ट्रम्पेटवाला पार कोपऱ्यात, बऱ्याचदा तोंडाला म्यूट लावून. खोलीचा आकार ठरलेला, त्यामुळे वाद्यांची संख्याही आपोआप ठरलेली. जास्त वाद्यं घेतली तर मागची वाद्यं भिंतीच्या प्रतिध्वनीत विरघळणार. पुन्हा खाली सिनेमागृहातला भोंगा किंवा घरातला रेडिओ. ना खालचा खर्ज धड वाजणार, ना वरची झळाळी. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. म्हणजे सुरुवातीच्या पाच-दहा सेकंदांतच गाण्याने आपली ओळख सांगितली पाहिजे.

थोडक्यात, बँडविड्थ कमी, डायनॅमिक रेंज कमी, वेळ कमी आणि अनडू नाही. अशा चॅनलवर काय पाठवायचं? वाद्य निवडणं ही तेव्हा निव्वळ आवडीची बाब नव्हती, हा डिझाईन प्रॉब्लेम होता.

हा प्रॉब्लेम सोडवायला त्यांना पहिली संधी मिळाली ती मराठीत नाही, हिंदीतही नाही, तर तमिळमध्ये. भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, त्यांचे मित्र. १९४० च्या सुमाराला भगवानदादांनी 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' हे तमिळ सिनेमे केले आणि संगीत रामचंद्रांकडे दिलं. ज्याची भाषा येत नाही अशा सिनेमाला संगीत देणं म्हणजे धाडसच. मग १९४२ साली भगवानदादांचाच हिंदी 'सुखी जीवन'. दोघेही धडपडे, दोघांकडे पैसा बेताचा, दोघांनाही हॉलिवूडच्या सिनेमांचं आणि तिथल्या बँडांचं वेड.

त्या वेडातलं एक नाव म्हणजे बेनी गुडमन, अमेरिकेतला क्लॅरिओनेटचा बादशहा. रामचंद्रांवर त्याचा प्रभाव होता हे उघड आहे. पण क्लॅरिओनेट महाराष्ट्राला परकं नव्हतं हो! गावोगावच्या वरातीत, बँडपथकात ते कधीचं वाजत होतं. रामचंद्रांनी ओळखीचं वाद्य अनोळखी पद्धतीने वाजवून घेतलं. आणि यात एक तांत्रिक गंमत आहे. क्लॅरिओनेटची नळी सरळ दंडगोल, एक टोक वाजवणाऱ्याच्या ओठांत बंद. त्यामुळे खालच्या सप्तकात विषम हार्मोनिक्सच जोरात उमटतात. फोरियर सिरीज आठवा, स्क्वेअर वेव्हसुद्धा विषम हार्मोनिक्सनेच बनते. हा पोकळ, लाकडी आवाज गाणाऱ्या गळ्याशी सहसा मारामारी करत नाही. मूळ सूर आणि त्याचे महत्त्वाचे दोन-चार हार्मोनिक्स रेडिओच्या अरुंद पट्ट्यात बसतात. रामचंद्रांनी फोरियर वाचला नव्हता, पण कान होता.

शिट्टीचंच घ्या. १९४७ च्या 'शहनाई' सिनेमात रविवारचं ते खट्याळ गाणं आहे, 'आना मेरी जान संडे के संडे'. मीना कपूर, शमशाद बेगम आणि स्वतः रामचंद्र गायलेत. त्यात शिट्टी आहे. माणसाने तोंडाने वाजवलेली साधी शिट्टी! ऑसिलोस्कोपवर शिट्टी बघितलीत तर जवळजवळ शुद्ध साईन वेव्ह दिसते. साधारण एक-दोन किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसाचा कान, त्या काळचा माईक आणि त्या काळचा भोंगा तिघेही जिथे उत्तम काम करतात तिथेच. हार्मोनिक्स नसल्यासारखेच, त्यामुळे गळ्याला झाकत नाही. आणि वादकाचं बिल नाही. पण हे सगळं मागाहून सुचलेलं. खरं कारण सोपं असावं. रस्त्यावरचा उनाड पोरगा पोरीला बघून सारंगी वाजवत नाही, शिट्टी वाजवतो. त्या गाण्यावर तेव्हा सभ्य लोकांनी टीकाही भरपूर केली. गाणं मात्र गल्लोगल्ली गेलं.

मला स्वतःला यात रस निर्माण झाला तो थर्ड इयरच्या डीएसपीच्या लॅबमध्ये. फिल्टर डिझाईनचं प्रॅक्टिकल होतं. मॅटलॅबमध्ये बँडपास फिल्टर करायचा, २०० हर्ट्झ ते ४ किलोहर्ट्झ, आणि कोणताही आवाज त्यातून घालवून बघायचा. माझ्या पार्टनरने हॉस्टेलमध्ये नुकतंच रेकॉर्ड केलेलं आमच्या ग्रुपचं गाणं लावलं, त्यात चोवीस ट्रॅक होते. मी 'अलबेला'मधलं 'शोला जो भडके' लावलं. फिल्टरमधून आल्यावर आमच्या चोवीसपैकी निम्म्या वाद्यांचा पत्ता लागेना. बेस गेला, झांजांची चमक गेली, मागचे सिंथ एकमेकांत मिसळून पिठलं झालं. आणि 'शोला जो भडके' होतं तसंच्या तसं! जणू त्याला फिल्टर लागलाच नाही. कारण ते जन्मालाच त्या फिल्टरमधून आलं होतं. सरांनी जर्नलवर सही करता करता ते दोनदा ऐकलं.

तर 'अलबेला', १९५१. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, नायिका गीता बाली. नायक रंगभूमीचं वेड असलेला एक साधा तरुण. आता सिनेमाच्या आतच स्टेजवर गाणं होणार म्हटल्यावर वाद्यंही स्टेजवरची हवीत. म्हणून 'शोला जो भडके'मध्ये बोंगो, क्लॅरिओनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन. तबला का नाही? माझा तर्क असा की डग्ग्याचा घुमारा हा तबल्याचा अर्धा प्राण आहे, आणि नेमका तोच छोट्या भोंग्यात मरतो. बोंगो लहान, उंच सुराचे, टकटकीत. प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. शिवाय त्यांनी लगेच कळतं की आपण घराबाहेर, दिव्यांच्या झगमगाटात आलोय.

पण त्याच सिनेमात 'धीरे से आजा री अखियन में' ही अंगाई आहे. इथे बोंगो नाही, ट्रम्पेट नाही. झोपणाऱ्या बाळाच्या खोलीत कोण ट्रम्पेट आणणार! एकाच सिनेमात, त्याच वादकांना हाताशी धरून, त्यांनी निम्म्या लोकांना बाकावर बसवून ठेवलं. पैसे दिलेले वादक गप्प बसवून ठेवणं निर्मात्याला फार जड जातं, हे गॅदरिंगचं बजेट सांभाळलेल्या कुणालाही पटेल. इथे निर्माता मित्रच होता, म्हणून निभावलं असेल.

हे वादक कोण होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बरेचसे गोव्याचे. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्टाफ नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. ही मुलं मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईत आली. हॉटेलांचे बँड, बोटींवरचे बँड, क्लब. १९५० च्या सुमाराला मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतलं रात्रीचं काम आटलं आणि सिनेमाच्या स्टुडिओंकडे जाणारी वाट रुंद झाली. यातला सगळ्यात झळाळता माणूस म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे, जन्म १९१६. ताजमहाल हॉटेलात स्वतःचा बँड घेऊन ट्रम्पेट वाजवायचे, लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ते रामचंद्रांच्या संगीतात सहायक म्हणून काम करू लागले. 'अलबेला'मध्ये तर ते आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतात. १९६७ साली ते गेले. त्यांचं नाव श्रेयनामावलीत शोधायला भिंग लागतं, ही मात्र आपल्या सिनेमाची जुनी खोड.

आता विचार करा. एकीकडे पुण्यात पटवर्धनबुवांकडे शिकलेला माणूस, जो पेटीवर सरगमात चाल बांधतो. दुसरीकडे गोव्याचा वादक, ज्याला समोर पाच रेघांवर लिहिलेलं लागतं. सरगमात लवचीकपणा, स्वर घसरतो, वळतो, मींड घेतो. नोटेशनमध्ये प्रत्येक स्वराला ठरलेली जागा आणि ठरलेली लांबी. या दोन भाषांमध्ये दुभाषाचं काम अरेंजर करत. संगीतकार गाऊन दाखवणार, अरेंजर लिहून घेणार, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद करणार. आपल्या भाषेत इंटरफेसिंग. रामचंद्र यात तरबेज होते, कारण त्यांना दोन्ही बाजूंच्या मर्यादा ठाऊक होत्या. ट्रम्पेटकडून मींड मागायची नाही आणि सारंगीकडून स्विंग मागायचा नाही. ज्याला जे येतं तेच त्याला द्यायचं.

१९५७ चा 'आशा' आणि त्यातलं 'इना मीना डिका' हे या जोडणीचं टोक. किशोरकुमारनी गायलं, आशाबाईंनीही वेगळं गायलं. शब्दांना अर्थ नाही, पोरांच्या खेळातल्या आकड्यांसारखे आहेत. मधले दोन शब्द मात्र कोंकणी, 'मला नको' अशा अर्थाचे. स्टुडिओत वादकांच्या तोंडी जी भाषा होती ती सरळ गाण्यात शिरली. इथे गळाही वाद्यच झालाय. शब्दांना अर्थ नसला की गळा सॅक्सोफोनच्या रांगेत जाऊन बसतो, आणि दोघांची जुगलबंदी लावता येते. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी, त्यामुळे सम-विषम सगळे हार्मोनिक्स भरलेले, आवाज माणसाच्या गळ्यासारखा भरदार. संथ गाण्यात तो गळ्याला गिळू शकतो. या गाण्यात गिळलं तरी बिघडत नाही, मजाच येते. कुठलं वाद्य केव्हा मोकळं सोडायचं ते असं.

स्वतःचा गळाही ते असाच वापरत. गायक म्हणून नाव लावायचे फक्त चितळकर. 'पतंगा'मधलं (१९४९) 'मेरे पिया गये रंगून' हे टेलिफोनवरचं गाणं शमशाद बेगमबरोबर त्यांनीच म्हटलंय. आवाज काही रफीसाहेबांसारखा तयार नव्हता. थोडा सपाट, शेजारच्या खोलीतल्या माणसासारखा. पण फोनवर बोलणाऱ्या नवऱ्याला तोच आवाज हवा. १९५५ च्या 'आझाद'मधलं 'कितना हसीं है मौसम' लताबाईंबरोबर तेच गायले. हे गाणं मुळात तलत महमूदांसाठी होतं. ऐकताना पुष्कळांना तलतच वाटतात! 'आझाद'चं कामही घाईत झालेलं, कोइम्बतूरच्या निर्मात्याला महिन्याभरात सगळी गाणी हवी होती. नौशादसाहेबांनी तसल्या घाईत काम करायला नकार दिला आणि ते यांच्याकडे आलं, असं सांगतात. आपल्या सबमिशनच्या आदल्या रात्रीचं स्पिरिट म्हणा हवं तर, फक्त निकाल जास्त चांगला लागला.

एक गोष्ट झाकून ठेवायला मला आवडत नाही. काही चाली त्यांनी सरळ बाहेरून उचलल्या. १९५० च्या 'समाधी'मधल्या 'गोरे गोरे ओ बांके छोरे'च्या मागे तेव्हा गाजलेलं एक लॅटिन धर्तीचं अमेरिकन गाणं आहे, हे आज इंटरनेटवर कुणीही ऐकून खात्री करू शकतो. त्यांचे चाहते यावर गप्प बसतात, टीकाकार यावरच थांबतात. माझं म्हणणं, चाल उचलली तरी वाद्यांची मांडणी उचलून चालत नाही. तिकडच्या स्टुडिओतली सोय इथे नव्हती. तेवढं त्यांनाच नव्याने बसवावं लागलं.

शिवाय दुसरा पुरावा आहेच, 'अनारकली', १९५३. ज्या माणसाला लोक शिट्टी आणि बोंगोचा संगीतकार म्हणत होते, त्याने भीमपलासीच्या अंगाने 'ये जिंदगी उसी की है' बांधलं आणि वाद्यांना अक्षरशः दोन पावलं मागे घेतलं. लताबाईंचा आवाज पुढे, माईकला जवळ, आणि मधल्या जागा फार लांब नाहीत. त्या वर्षी 'अनारकली' देशभर तुफान चालला, तो मुख्यतः गाण्यांवर. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या कामाचं मर्म इथे सापडतं. आधी ते गळा कुठे उभा राहणार ते ठरवत, मग उरलेल्या जागेत वाद्यं. लताबाईंचा आवाज उंच आणि बारीक, त्या पट्टीत व्हायोलिनांचा मोठा ताफा आणला तर दोघांची टक्कर होणार. किशोरकुमारचा आवाज खाली, भरदार. वर ट्रम्पेटला रान मोकळं.

रेडिओचा भाग सांगायचा राहिला. १९५२ च्या सुमाराला माहिती-प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी, यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. बिनाका गीतमाला तिथलीच. सिलोन शॉर्टवेव्हवर यायचं, म्हणजे आवाज वर-खाली होणार, कधी वरचा भाग गायब, कधी खालचा. कम्युनिकेशनच्या पुस्तकातलं सिलेक्टिव्ह फेडिंग! त्यातूनही जी गाणी ओळखू आली त्यांत यांची पुष्कळ होती. आणखी गंमत म्हणजे, ज्या पेटीवर त्यांनी आयुष्यभर चाली बांधल्या, त्या पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. तिचे स्वर ठोकळेबाज, मींड निघत नाही, म्हणून. कारण चुकीचं नाही म्हणा. रामचंद्रही पेटीकडे चाल शोधायचं साधन म्हणून बघत. रेकॉर्डिंगमध्ये तिला जागा द्यायची की नाही, हा वेगळा प्रश्न.

१९५९ ला शांतारामबापूंचा 'नवरंग' आला. कवीची गोष्ट, जुन्या काळातली. तिथे बोंगो-ट्रम्पेट घरीच राहिले आणि घुंगरू-ढोलकी आली. होळीचं 'अरे जा रे हट नटखट' आजही रंगपंचमीला वाजतं. मात्र यात लताबाई नाहीत. १९५० च्या दशकाच्या शेवटी दोघांचं एकत्र काम थांबलं होतं. का थांबलं यावर पुष्कळ चघळलं गेलंय, मला त्यात शिरायचं नाही. संगीताच्या बाजूने एवढंच दिसतं की ज्या आवाजाच्या मापाने त्यांनी दहा वर्षं वाद्यवृंद बेतला होता, तो आवाजच समोर राहिला नाही. आशाबाई, महेंद्र कपूर यांच्यासाठी मांडणी नव्याने करायची होती. 'नवरंग'मध्ये ते जमलं, 'स्त्री'मध्येही (१९६१) जमलं. पण काम कमी होत गेलं.

दरम्यान जमानाही बदलला. माईक वाढले, मिक्सिंगची सोय आली आणि शंकर-जयकिशनांच्या मोठमोठ्या वाद्यवृंदांची चलती सुरू झाली. निर्माते वादक मोजू लागले. किती व्हायोलिनं, असा प्रश्न आला. कमीत कमी वाद्यांत काम भागवणाऱ्या माणसाला हा प्रश्नच परका असणार. त्यांची हार झाली म्हणायची की खेळाचे नियम बदलले म्हणायचं, यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत वाद झालाय. मी दुसऱ्या बाजूला होतो. रूममेटचं म्हणणं, नियम बदलले तर खेळाडूनेही बदलावं. त्यालाही माझ्याकडे धड उत्तर नाही, कारण नौशाद आणि सचिनदेव बर्मन बदलत राहिले, टिकले.

पण त्याआधी एक दिवस आला, २७ जानेवारी १९६३. चीनबरोबरच्या युद्धाला जेमतेम दोन महिने झालेले. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये कार्यक्रम, समोर पंडित नेहरू. कवी प्रदीपांचं गीत, रामचंद्रांची चाल, आणि गायला लताबाई. इतक्या वर्षांनी पुन्हा. 'ऐ मेरे वतन के लोगो' रेकॉर्डिंगसाठी आधी बांधलंच नव्हतं, मोकळ्या मैदानात हजारो लोकांसमोर म्हणण्यासाठी बांधलं होतं. मैदानातले भोंगे, दुरून परत येणारा आवाज. तिथे गिचमिड वाद्यवृंद नेला असता तर शब्द कळलेच नसते. आणि या गाण्यात शब्द कळले नाहीत तर काहीच उरत नाही. चाल संथ, ओळींच्या मध्ये श्वासाला जागा, वाद्यं मागे. त्या दिवशी नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, हे सगळ्यांना माहीत आहे.

नंतरचं पटकन सांगतो. ते मराठीकडे वळले. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) हे मराठी सिनेमे केले. 'घरकुल'मधलं 'पप्पा सांगा कुणाचे' तर आपल्या आई-वडिलांच्या पिढीचं बालगीतच आहे, आणि 'मलमली तारुण्य माझे' आजही ऑर्केस्ट्रात वन्समोअर घेतं. ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'ला चाली दिल्या, ते स्टेजवर स्वतः गाऊन सादर केलं. १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं. ते वाचण्यासारखं आहे, काही ठिकाणी फटकळ आहे. ५ जानेवारी १९८२ ला मुंबईत ते गेले. चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी 'शोला जो भडके', मग लगेच 'ये जिंदगी उसी की है', मग 'इना मीना डिका' असं ऐका. आणि एक करा, महागडे हेडफोन काढून ठेवा. मोबाईलचा तो टिचभर स्पीकर आहे ना, खर्ज न वाजवणारा, ज्याला आपण नावं ठेवतो, त्यावरच लावा. फोन टेबलावर पालथा न ठेवता उभा ठेवा, आणि दोन हात लांब बसा. एका फेरीत फक्त क्लॅरिओनेटवर लक्ष ठेवा. ते कुठे येतं त्यापेक्षा कुठे थांबतं ते मोजा. मला 'शोला जो भडके'मध्ये ते मोजायला चार वेळा ऐकावं लागलं, आणि चौथ्या वेळी शेजारच्या रूममधले दोघे येऊन बसले होते.